पिवळे तळहात

एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेत शाल्मली रुग्णाच्या खोलीत शिरली आणि घाबरून थेट पलंगावरच्या काकांना तपासायला लागली.

"अहो, मी..."

"बोलू नका, काका. जीभ दाखवा."

काकांचे तळहात हळद लावल्यासारखे पिवळे होते, डोळे मात्र पांढरेशुभ्र.

"गाजरं फार खाता का?"

"रोज तांब्याभर रस पितो. नजरेला चांगला म्हणून."

"मग हा गाजराचाच रंग. कावीळ नाही."

तेवढ्यात बाथरूममधून एक म्हातारा लंगडत आला. "डॉक्टरसाहेब, पाठ टेकून झाली असेल तर माझा पलंग द्या."

काका म्हणजे परीक्षक डॉ. खानोलकर! शाल्मली झटकन मागे सरकली. "सर, चुकले."

पण सरांनी तिचा हातच धरला. "कावीळ नाही? नक्की?" तळहात पिवळे दिसल्यापासून भीतीपोटी त्यांनी महिनाभर रक्तसुद्धा तपासून घेतलं नव्हतं.

"नक्की, सर."

त्यांनी लगेच बायकोला फोन लावला. "अगं, मला काहीही झालेलं नाही!"

पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू आला. "मग काल रडत रडत मृत्युपत्र कशाला लिहीत होतात?"

सरांनी घाईने फोन बंद केला आणि ते शाल्मलीकडे वळले. "तू पास. पण बाहेर एक अक्षर बोलायचं नाही."