म्हणणं ऐकून घेतलं

साहेबानं फॉर्म शालनपुढं सरकवला. फॉर्मवर पेन ठेवलं, पेनाशेजारी किल्ली.

"वाघोलीची खोली. दुसरा मजला, नळाला पाणी. संध्याकाळच्या आत तुमची बाळंतीण छपराखाली."

शालननं फॉर्म वाचला. कालव्याकाठची वस्ती पाडण्यापूर्वी रहिवाशांचं म्हणणं ऐकून घेतल्याची नोंद होती. तारीख गेल्या महिन्यातली, बारा. 'रहिवाशाचे म्हणणे' या रकान्यात आधीच टाइप केलेलं: हरकत नाही.

जेसीबी आला अठराला. तोवर या कार्यालयातलं चिटपाखरूही कालव्याकाठी फिरकलं नव्हतं.

"मला कधी बोलावलं होतं?"

"आत्ता बोलावलंय की! बसा ना, खुर्ची तुमचीच आहे."

परवा हायकोर्टानं सरकारी वकिलाला एकच सवाल केला होता. घटनेनं माणसाला जगायचा हक्क दिलाय. मग घरं पाडण्याआधी यांना विचारलं होतं का? वकिलानं सोमवारपर्यंत मुदत मागितली. आज शुक्रवार, आणि उत्तर असं टेबलावर तयार. बेचाळीस घरांच्या याचिकेवर पहिलं नाव शालनचं. तिची सही पडली की बेचाळीसही घरं दुसऱ्यांदा पडणार, हे समजायला वकिली शिकावी लागत नव्हती.

"धडधडीत खोटं आहे हे. कोर्टात सांगेन मी."

"जरूर सांगा. कोर्ट कागद वाचतं, बाई. ताडपत्रीखाली पोर किती तापलंय, ते कुठल्या कागदावर आहे?"

तेवढ्यात फोन वाजला. सून मैत्री बोलत होती. "आई, पोरगी दूध ओढेना. डोळेच उघडत नाही ओ." नऊ दिवसांची पोर.

शालननं पेन उचललं. मुद्दाम वाकडीतिकडी सही करायला गेली, म्हणजे उद्या म्हणता येईल, ही माझी नव्हेच. पण हातानं दगा दिला. याचिकेवरची तीच, ठसठशीत, खरीखुरी सही उमटली.

किल्ली तिनं मुठीत घेतली. किल्लीचे दात तळव्यात रुतावेत इतकी घट्ट. पण उठली नाही. पदरानं तोंड पुसलं, ताठ बसली.

"आता ऐका, साहेब. सही दिली तुम्हाला. आता बेचाळीस घरांचं म्हणणं सांगते."

साहेबानं फॉर्मवर शिक्का हाणला आणि दाराकडं बोट केलं.

"अहो, ऐकलं की! सही आहे ना तुमची."