टेकडीनंतर

टेकडी उतरून आलेले वडील धपकन सोफ्यावर बसले, डावा पाय त्यांनी मुलीच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरीणबाई, पोटरी धरलीये. घरच्या पेशंटचा नंबर लागतो का कधी?"

ती फोनवर होती. उद्याच्या कुणाची तरी वेळ बदलायची होती. फोन खांद्याने कानाशी दाबून धरत तिने पँटवरूनच अंगठ्याने पोटरी चोळायला घेतली. फोन झाल्यावर म्हणाली, "उतरल्या उतरल्या बसू नका म्हणून किती वेळा सांगायचं? जरा सावकाश चालायचं, पाय ताणायचे, पाणी प्यायचं."

"ते तुझ्या आईला सांग. ती मागून शिट्टी वाजवत असते."

आईने आयुष्यभर शाळेत पोरांकडून कवायत करून घेतली होती. निवृत्तीनंतर तिच्या वाट्याला एकच विद्यार्थी उरला होता.

"शिट्टी कुठली? तोंडानेच सांगते," आई आतून म्हणाली. "आणि विद्यार्थी ढ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासता घासता वडील बेसिनपाशी कोसळले. हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

माणूस अचानक गेलेला, म्हणून शवविच्छेदन झालं. अहवाल यायला पाच आठवडे लागले. ते तिने कसे काढले, तिचं तिलाच ठाऊक. फिजिओथेरपीच्या पहिल्याच वर्षी शिकवतात: एकच पोटरी दुखत असेल तर आधी ती उघडी करून बघा. सुजलीय का, गरम लागतेय का. आत रक्ताची गुठळी असली आणि तुम्ही चोळलंत, तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग माणूस हाती लागत नाही. हे ती स्वतः इतरांना शिकवायची. आणि घरच्या माणसाचा पाय तिने कापडावरून, फोनवर बोलत चोळला होता.

तेव्हापासून क्लिनिकमध्ये तिने एकाही पोटरीला हात लावला नव्हता. खांदे, कंबर, गुडघे सगळं करायची. मैदानावरून कुणी लंगडत आलं की मात्र त्याला पलीकडच्या टेबलावर पाठवायची. माझा अंगठा दुखतोय, म्हणायची.

अहवाल शनिवारी सकाळी हातात आला. घरी नेण्याइतका धीर नव्हता. तिने तो रस्त्यातच उघडला. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. फुप्फुसं स्वच्छ. पायांच्या शिरांमध्ये गुठळी नाही. तो 'नाही' तिने तीनदा वाचला. मग एका बंद दुकानाच्या पायरीवर ती बसून राहिली, आणि पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तिला सपाटून भूक लागली.

घरात पाऊल टाकलं तर आई जमिनीवर. भिंतीला पाठ टेकलेली, पाय लांब केलेले, बुटांना लाल माती.

"पडलीस का?"

"पडते कशाला? पाय भरून आलेत. बसले ती बसलेच."

"कुठे गेली होतीस?"

"टेकडीवर." आईने पदराने तोंड पुसलं. "रोजच जाते. तू बाहेर पडलीस की."

"रोज? एकटी? आणि कशासाठी?"

ज्या आवाजासरशी शंभर पोरं एका रांगेत उभी राहायची, तो आवाज एवढासा झाला. "त्यांना नको असायचं गं. मीच रेटत न्यायचे. चला, उचला पाय, म्हणून. म्हटलं, चढून बघावी. माणूस जाईल इतकी अवघड आहे का ते कळेल तरी. रोज आदल्या दिवसापेक्षा भरभर चढते."

मुलीने पर्समधून कागद काढून आईपुढे धरला.

"चष्मा नाहीये. तूच सांग."

"मेंदूतली शीर फुटली, आई. तिथे ती आधीपासूनच नाजूक होती. कुणालाच कळलं नसतं. टेकडीमुळे काही झालं नाही."

"मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस."

"छापलंय त्यात. चष्मा आणून देऊ का?"

आई कागदाकडे बघत राहिली. "मेली ती टेकडी," ती म्हणाली आणि आता रडणार, तोच जोरात ओरडली. उजव्या पोटरीत गोळा आला होता. "अगं, धर! धर लवकर!"

मुलगी गुडघ्यांवर बसली. बूट काढला, मोजा काढला, साडीचा काठ गुडघ्यापर्यंत वर सारला. आईच्या कळवळण्याकडे लक्ष न देता तिने आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघितल्या. हाताची मागची बाजू लावून बघितली. सूज नव्हती. गरम लागत नव्हतं.

"बघत काय बसलीयस? दगड झालाय नुसता!"

मग तिने एका हातात टाच घेतली, दुसऱ्या हाताने बोटं हळूहळू आईच्या दिशेने ढकलली आणि तशीच धरून ठेवली. गोळा आधी हटेना. मग काठाकाठाने विरघळायला लागला.

"सुटला," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती. "हात आहेत बाई तुझे."

मुलीने पाय खाली ठेवला नाही. घोट्यापासून वर, सावकाश, तिचा अंगठा फिरू लागला.

"त्या दिवशी बाबांचा पाय मी न बघता चोळला, आई," ती म्हणाली. "मला इतके दिवस वाटत होतं, बाबा माझ्याच हातांनी गेले."