बोटांच्या कडेला

ओजसला आंघोळ घालताना त्याच्या बोटांच्या कडेला बारीक काळे ठिपके दिसले. असले ठिपके आमच्या घरात एकाच हातावर असतात, त्याच्या ताईच्या. मैथिलीला टाइप वन मधुमेह आहे, रोज बोट टोचून साखर बघावी लागते. पण ओजस तर धडधाकट आहे.

संशय सरळ नवऱ्यावर गेला. भावंडांनाही धोका असतो, धाकट्याचं रक्त आत्ताच तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तो लगेच तयार झाला, मीच अडून बसले. एकीचं रोज बघतेय, दुसऱ्याचं आधीच कशाला उकरून काढायचं? म्हणजे आता हे माझ्यामागे चाललंय. टोचणाराही माहीतगार होता. बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचलं होतं. तिथे कमी दुखतं.

"कोण टोचतं रे? बाबा टोचतात?"

ओजसला बाहेर आणून मी साखरेचं मशीन हातात घेतलं, तशी त्याने सवयीने करंगळी पुढे केली. "टोचल्यावर ताईसारखी फुंकर घाल."

मैथिली दारातच उभी होती, दोनपैकी एकच वेणी घातलेली.

"दर वेळी नवी सुई घेते मी," ती म्हणाली. "त्याची साखर अजून चांगली आहे."

"कुणी सांगितलं तुला हे करायला?"

"कुणी नाही. तू डॉक्टरांना नको म्हणालीस ना." ती टॉवेलने ओजसचे हात पुसायला लागली. "माझंही कुणी बघितलं नव्हतं. मला एकदम दवाखान्यातच जाग आली."