सासऱ्यांच्या मागावर

सासऱ्यांची कापडी पिशवी आज चांगलीच जड होती. चालताना त्यांचा खांदा एका बाजूला झुकत होता. सून थोडं अंतर ठेवून मागून चालत होती. जुन्या तटबंदीच्या दरवाजातून ते आत शिरले, तशी तीही शिरली.

आत जुना बाजार भरला होता. तटाच्या दगडांना टेकवलेले आरसे, पाय मोडलेल्या खुर्च्या, किल्ल्या हरवलेली कुलुपं, कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो चौकटींसकट विकायला मांडलेले. सासरे कुठेही रेंगाळले नाहीत. कुठे जायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथेच तिची खात्री पटली.

घरातून आधी गजराचं घड्याळ नाहीसं झालं, मग इस्त्री. गेल्या आठवड्यात तिची कातर गेली, तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शिवणकामावर निम्मं घर चालायचं आणि ती कातर आईकडून आलेली, हाताला बसलेली. "बाबांचं वय झालंय. जरा लक्ष ठेव त्यांच्यावर," असं नवराच म्हणाला होता.

सासरे एका पथारीपुढे उकिडवे बसले. पथारीवाल्याने ओळखीचं हसून त्यांना जागा करून दिली. ते पाहून तिला राहवेना. ती सरळ समोर जाऊन उभी राहिली आणि पिशवीत काय आहे ते दाखवा म्हणाली. आवाज तिने चढवला नव्हता, तरी शेजारचे दोघे-तिघे वळून पाहू लागले.

सासरे दचकले. मग त्यांनी पिशवी तिच्यापुढे उघडली.

आत त्यांचा रंधा होता. उभा जन्म सुतारकामात गेलेल्या त्या माणसाने हा रंधा पोटच्या पोरालाही कधी हाताळू दिला नव्हता. पथारीवाल्याने तो उलटून पाहिला, पात्यावरून अंगठा फिरवला, आणि मागच्या खोक्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून सासऱ्यांच्या हातात ठेवलं. तिची कातर.

"आजोबांसाठी बाजूला ठेवली होती," तो म्हणाला. "मागणारे बरेच होते."

ही इथे आणली कुणी, असं तिने विचारलं. पथारीवाल्याने सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले. तिने पुन्हा विचारलं, आता सासऱ्यांनाच.

"त्याचं काम सुटलंय," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सकाळी निघतो आणि दिवसभर इथेच कुठेतरी बसून असतो. मी त्याला पाहिलंय, हे त्याला ठाऊक नाही. तू घरी चल."

ती हलली नाही. काल रात्रीच नवऱ्याने आपल्या साहेबाच्या विसरभोळेपणाची गोष्ट सांगून तिला पोट धरून हसवलं होतं. ती गोष्ट तिला आता पहिल्यापासून पुन्हा ऐकू येऊ लागली.

कातर घेऊन ती बाजारभर शोधत निघाली. तटावर चढणाऱ्या मोडक्या पायऱ्यांवर तो दिसला. मांडीवर डबा उघडा होता. सासरे मागेच थांबले. ती जाऊन त्याच्या शेजारी बसली.

त्याने आधी कातर पाहिली, मग तिला. तोंडातला घास तो बराच वेळ चावत राहिला. मग त्याने डबा तिच्याकडे सरकवला.

"भाजीत मीठ राहिलंय आज," तो म्हणाला.

तिने घास घेऊन पाहिला. मीठ बरोबर होतं.