रुचाचा अल्बम निघेपर्यंत

संजीवचा फोन वाजला आणि डेलने हात वर केला. वाजवणारे थांबले. काचेपलीकडे रुचा डोळे मिटून गात होती, तीही थांबली.

म्हाताऱ्या डेलची रेकॉर्डिंगची रीत जुनी होती. गाणारी आणि वाजवणारे एकाच दमात गाणं पुरं करायचे. नंतर ठिगळं जोडायची नाहीत. सकाळपासूनचा सगळ्यात चांगला टेक फोनने खाल्ला होता. डेल रागावला नाही. फोन घेऊन गाडीत बसा, एवढंच त्याने संजीवला शांतपणे सांगितलं.

संजीव गेला. फोन ऑफिसातला होता, उचलणं भाग होतं. कंपनी दिवाळीच्या आधी माणसं कमी करणार, अशी कुजबुज होती. नोकरी गेली की दोन महिन्यांत गाशा गुंडाळून भारतात परतायचं. ग्रीन कार्डाची त्याची रांग इतकी लांब, की नंबर लागेपर्यंत केस पांढरे व्हावेत.

त्या दिवसापासून रेकॉर्डिंग चालू असलं की तो गाडीतच बसे. बाहेर टेक्सासचं ऊन, आत एसी आणि हातात फोन. बंद काचांतून गाणं ऐकू येत नसे. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. अल्बम वेळेत निघाला म्हणजे झालं.

रुचा लग्न होऊन वाईहून शुगर लँडला आली ती संजीवच्या व्हिसाच्या शेपटीला धरून. नोकरी करायची परवानगी नव्हती. दिवसभर घरात रेडिओ चाले आणि त्यावर गिटारवाल्यांची कंट्री गाणी. ती ऐकता ऐकता गाऊ लागली. कोपऱ्यावरच्या कॅफेत लोक हौसेने गात, तिथे गेली, तर टोपीवाले टेक्सन खाणं सोडून ऐकत राहिले.

संजीव त्या गाण्यांना गुराख्यांची रडगाणी म्हणे. घरी मित्र जमले की तोच तिला आग्रहाने गायला लावी आणि ती सुरात आली की मागून गायीसारखा हंबरे. सगळे हसत. रुचाही हसे.

मग नीना भेटली. ती व्हिसाची कामं करणारी वकील. तिने रुचाचं गाणं ऐकलं आणि सांगितलं, की असामान्य कलाकारांची रांग वेगळी असते, आणि आखूड. एक अल्बम काढा, पेपरात चार चांगले शब्द छापून येऊ द्या. रुचाचा अर्ज मंजूर झाला, की तिच्यामागून नवऱ्यालाही ग्रीन कार्ड मागता येतं.

त्या दिवसापासून संजीवने हंबरणं बंद केलं. डेलला त्यानेच शोधून काढलं. रुचाच्या घशासाठी ज्येष्ठमध आणला. स्टुडिओत नेणं-आणणं तोच करी.

"झालं का आज?" तो परतताना विचारी.

"एक झालं."

"दिवसभरात एक? अगं, डेलला सांग ना, आपल्याकडे टाइम नाहीये."

"तूच सांग. तुला तर त्याने गाडीत बसवलंय."

यावर तोही हसला.

पुढे ऑफिसात रोज कुणाचं तरी टेबल रिकामं दिसू लागलं. संजीवची झोप उडाली. रुचा म्हणाली, मी ड्रायव्हिंग शिकते, तुझ्या खेपा वाचतील. त्याला बरं वाटलं. अल्बमवर तिने माहेरचं नाव घातलं, रुचा पाटणकर. कलावंत असंच करतात, असं त्याने मित्रांना सांगितलं. नीना तिला एकटीलाच बोलवी, कारण अर्ज तिचा होता. संजीव तेव्हाही गाडीत बसून राही.

अल्बम निघाला त्या संध्याकाळी डेलच्या अंगणात माणसं जमली होती. संजीव देव पाण्यात घालून बसला होता. तो फोनवर कुणी काय लिहिलंय ते शोधत होता. त्याचा मित्र संग्राम जवळ आला. त्याचे डोळे ओले होते.

"वहिनी काय गायल्यात यार. ते शेवटचं ऐकलंस?"

"म्हणजे काय," संजीव म्हणाला आणि बोटाने पडदा सरकवत राहिला.

डॅलसच्या एका पेपराने तोंड भरून कौतुक केलं. मग नॅशव्हिलच्या एका मासिकानेही. नीनाने अर्ज पाठवला. आणि त्याच आठवड्यात संजीवची नोकरी गेली.

आता दोन महिने आणि एक अर्ज. संजीवला जेवण जाईना. तो दिवसातून कितीदा तरी विचारी, नीनाचा फोन आला का? रुचा म्हणे, येईल. तिचं ते शांत असणं बघून त्याला धीर येई. आपल्यासाठी ही एवढं करतेय, असंही एकदा मनात येऊन गेलं. बोलायचं मात्र राहून गेलं.

शुक्रवारी सकाळी फोन आला. रुचा बाल्कनीत जाऊन बोलली आणि आत येऊन म्हणाली, "मंजूर झाला."

घोडं गंगेत न्हालं. संजीवने गाडी काढली आणि हिलक्रॉफ्टच्या देशी दुकानातून पेढे घेऊन आला. खोका उघडून त्याने पहिला पेढा तिच्यापुढे धरला.

"आता ग्रीन कार्डासाठी दोघांचं मेडिकल ना? कधी जायचं?"

"माझं मागच्या आठवड्यातच झालं," रुचा म्हणाली.

"अरे वा. मग माझं?"

रुचाने पेढा घेतला आणि अर्धा मोडून खाल्ला.

"ग्रीन कार्डाचा अर्ज नीनाताई माझा एकटीचाच पाठवतायत, संजीव. आणि घटस्फोटाची कामं त्या करत नाहीत, म्हणून त्यासाठी मी दुसरी वकील बघितली आहे."