तारखेची चिठ्ठी

अमरावतीच्या दादासाहेब वकिलांकडे उमेदवारी करून कमलाकांतला दोन वर्षं झाली होती, पण बसायला अजून दाराजवळचा बाकच होता. दादासाहेबांच्या अशिलानं आपल्या विधवा भावजयीचं, चतुराबाईचं, चार एकर वावर दाबलं होतं. ते परत मिळावं म्हणून ती दर तारखेला दर्यापूरहून एकटीच यायची. वकील करायची ऐपत नव्हती, आणि अक्षर म्हणाल तर अंगठ्यापुरतं. म्हणून पुढची तारीख ती कमलाकांतकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्यायची, गावच्या मास्तरांकडून वाचून घ्यायची, आणि येताना त्याच्यासाठी पदराच्या गाठीत बोरं बांधून आणायची.

"पुढच्या तारखेला म्हातारी आली नाही, तर दावा खारीज," दादासाहेब पानाला चुना लावत म्हणाले. "मग माझ्या शेजारी खुर्ची तुमची."

त्या दिवशी चिठ्ठी लिहून देताना कमलाकांतनं मान वर केली नाही.

मंगळवारी कोर्टाच्या चपराशानं चतुराबाईच्या नावाचा तीनदा पुकारा केला. कोणी ओ दिली नाही. दावा खारीज झाला आणि संध्याकाळी खुर्ची आली.

बुधवारी, चिठ्ठीत लिहिलेल्या वारी, चतुराबाई पहिल्या मोटारीनं आली. नव्या खुर्चीत बसलेल्या कमलाकांतला पाहून तिचा चेहरा फुलला. पदराची गाठ सोडून तिनं बोरं त्याच्या ओंजळीत ओतली.



"तुह्या चिठ्ठीनं, बापू, माही एकबी तारीख चुकली नाई."