शुक्रवारची सही

"किती बोटं?" सियाने विचारलं.

"दोन. आणि पुरे झालं आता."

सियाने वर धरलेली तीन बोटं खाली घेतली. मैदानामागच्या पार्किंगमध्ये दोघी सियाच्या गाडीत बसल्या होत्या. मॅच संपून दहा मिनिटंही झाली नव्हती. शेवटी शेवटी समोरच्या टीममधल्या मुलीचा गुडघा इलाच्या कानशिलावर आदळला होता. इला फुटबॉल टीमची गोलकीपर. ती उठली, कोचला हात दाखवला आणि मॅच पूर्ण खेळली.

या वर्षातला हा डोक्यावरचा तिसरा मार होता. आधीच्या दोन्ही वेळी इलाला उलट्या झाल्या होत्या. ते फक्त सियाला माहीत होतं.

"इला, यार, क्लबच्या डॉक्टरांना सांग. प्लीज."

"शुक्रवारी सही आहे. मग सांगते."

"मग सांगून काय उपयोग?"

"तू कुणाला बोलणार नाहीस. शपथ घे."

सियाने शपथ घेतली.

व्यावसायिक क्लबने सतरा वर्षांच्या इलाला तीन वर्षांचा करार देऊ केला होता. एकदा सही केली की अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे कॉलेजच्या टीममधून कधीच खेळता येणार नव्हतं. आई, पद्मिनी, रोज जेवताना तेच काढायची. "कॉलेज जागा देतंय ना? आधी शीक. बॉल कुठे पळून जातोय?" बाबा मध्ये पडायचे नाहीत. सियापुढेही कॉलेज होतंच. पूर्वेकडच्या एका कॉलेजने तिला त्यांच्या टीममध्ये खेळायला विचारलं आणि ती लगेच हो म्हणाली. इला तिला मनातल्या मनात भित्री म्हणायची.

शनिवारच्या त्या दुपारी घरी येऊन इला झोपली. निदान तिला तेवढंच आठवत होतं. संध्याकाळी आईने हलवून उठवलं तेव्हा अंगावर अजून मॅचचेच कपडे होते.

मंगळवारी क्लबमधून फोन आला. सहीच्या आधी मेंदूतज्ज्ञाकडे तपासणी करावी लागेल.

"का?" इलाने विचारलं. "माझी तपासणी झाली आहे."

"आमच्याकडे माहिती आली आहे," पलीकडची बाई म्हणाली. "तीन वेळा मार बसल्याची."

इलाने फोन ठेवून दिला. तीन. हा आकडा जगात दोघींनाच माहीत होता.

तपासणीत तिला दहा शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. तिला चार आठवले. शुक्रवारी सही झाली नाही. पुढच्या आठवड्यात क्लबने करार मागे घेतला. कॉलेजच्या कोचने रिपोर्ट मागवला, बरी हो म्हणाला, आणि त्यानंतर त्याचा फोन आला नाही. आई स्वयंपाकघरात भांडी आपटत होती आणि रडत होती. तिला हवं होतं तेही गेलं होतं.

इलाने सियाला शाळेच्या जिन्यात गाठलं.

"का केलंस?"

"मी नाही केलं."

"मग कोणी? भिंतीने?"

"इला, आय स्वेअर. मला सांगायचंच असतं तर तुझ्या तोंडावर सांगून गेले असते." सियाचा चेहरा पांढरा पडला होता. "पण कुणीतरी सांगितलं ते बरं झालं. खरंच. तू मेली असतीस."

शेवटच्या त्या वाक्यावर इलाची खात्री पटली.

गेल्या वर्षी केमिस्ट्रीच्या परीक्षेचा पेपर सियाला आदल्या दिवशी मिळाला होता. तिने तो पाहिला होता. नंतर इलाच्या खोलीत बसून, नाक पुसत, तिने ते कबूल केलं होतं. इलाने तेव्हा तिला जवळ घेतलं होतं, आणि कुणाला बोलणार नाही असंही म्हटलं होतं.

आता तिने दोन ईमेल लिहिले. एक शाळेला, एक पूर्वेकडच्या त्या कॉलेजच्या कोचला. स्वतःचं नाव घातलं नाही. दोन्ही लागोपाठ पाठवून दिले.

तीन आठवड्यांत सियाची जागा गेली. शाळेने तिला निलंबित केलं. त्या संध्याकाळी सिया इलाच्या दारात उभी राहिली. डोळे सुजलेले होते.

"कुणी केलं असेल गं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात संशय नव्हता. तेच इलाला सहन झालं नाही.

"मला काय माहीत?" म्हणत तिने दार लावून घेतलं.

सिया नंतर शाळेत आलीच नाही. तिच्या आईने, सुमेधा काकूंनी, तिला टेक्सासला मामाकडे पाठवलं. जाण्याआधी सियाने गोळ्या घेतल्या होत्या, वेळेवर कळलं म्हणून वाचली, हे पद्मिनीच्या कानावर दुकानात आलं. इलाने ते ऐकलं, आपल्या खोलीत गेली आणि गादीवर नुसती बसून राहिली. सुरुवात तिनेच केली होती ना, असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती.

दोन महिन्यांनी क्लबच्या डॉक्टरांनी शेवटची तपासणी म्हणून बोलावलं. पन्नाशीच्या, शांत बाई होत्या. स्मरणशक्ती सुधारते आहे, म्हणाल्या. मग त्यांनी फाइल मिटली.

"इतकी वर्षं खेळाडू तपासते आहे. एवढा धीर मी कुणात पाहिला नाही."

"धीर कसला? माझ्या मैत्रिणीने तुम्हाला सांगितलं."

डॉक्टर गोंधळल्या. "मैत्रिणीने?"

त्यांनी ड्रॉवरमधून फोन काढला, त्या शनिवारचा दुपारी सव्वातीनचा व्हॉइसमेल शोधला आणि फोन टेबलावर दोघींच्या मध्ये ठेवला.

आवाज जड होता, अडखळत होता.

"डॉक्टर, मी इला. आज तिसऱ्यांदा डोक्याला लागलंय. शुक्रवारी मला सही करू देऊ नका. आणि उद्या मला याबद्दल विचारू नका, मी नाही म्हणेन."